कवडी, कांचन आणि अन्नपूर्णा

श्रीक्षेत्र काशी येथे विश्वनाथाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर अन्नपूर्णामातेचे स्थान आहे. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी हे देऊळ बांधविले असे परंपरा सांगते. त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रिकास तेथे पाऊल ठेवताच थोडे माहेरी आल्यासारखे वाटते. मातेचे नित्यदर्शन वर्षाचे बाराही महिने घडते. गंगास्नान करून आलेला मनुष्य गर्दीतून पुढे सरकतो, अक्षता व फुले वाहतो, कुंकू लावून घेतो आणि आपल्या वाटेने जातो. परंतु त्याच मंदिरात मातेची एक सुवर्णमूर्ती आहे. तिचे दार धनत्रयोदशीस उघडते आणि अन्नकूटानंतर वर्षभरासाठी मिटते. त्या चार-पाच दिवसांकरिता लोक आदल्या रात्रीपासून रांग धरून बसतात. वृद्ध माणसे पांघरूण लपेटून भिंतीला टेकतात, लेकुरवाळ्या स्त्रिया मुलांना मांडीवर निजवितात. दर्शन घेताना प्रत्येकाच्या हाती एक नाणे आणि थोड्या साळीच्या लाह्या पडतात. यालाच तेथे ‘खजाना’ म्हणतात. बाजारात त्या नाण्याची किंमत रुपया-आठ आण्यांची. पण ते कोणी खर्च करीत नाही. ते घरी नेऊन तिजोरीत ठेवावे म्हणजे वर्षभर काही उणे पडत नाही, अशी श्रद्धा आहे.

माता तीच आणि तिची कृपाही तीच. मग जे दर्शन वर्षभर कोणी अडवीत नाही, त्यासाठी एक रात्रही कोणी जागत नाही, आणि जे चार दिवसच मिळते त्यासाठी थंडीत रात्र काढतो, हे का? ‘श्रद्धा’ एवढा एकच शब्द उच्चारून हा प्रश्न मिटविता येईल, परंतु तेवढ्याने चिकित्सक मनाचे समाधान होत नाही. श्रद्धा दोन्ही दिवशी आहे. एका दिवशी तिच्याबरोबर आणखी काही तरी मिसळलेले आहे. ते काय, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनात डोकावून पाहण्यासारखे आहे. कारण हीच मिसळ गृहस्थाच्या तिजोरीत, लग्नाच्या बैठकीत आणि भावाभावांच्या वाटण्यांतही सापडते.

मनाची ही खोड मंदिरापुरती नाही. १९७५ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी एक अगदी साधा प्रयोग केला. एका बरणीत दहा बिस्किटे, दुसरीत दोन. बिस्किटे एकाच जातीची. ज्यांना दोनांपैकी एक मिळाले त्यांना ते अधिक हवेसे वाटले, त्याची किंमतही अधिक असावी असे वाटले. आधी दहा असून डोळ्यांदेखत दोन उरली, तेव्हा तर ओढ आणखी वाढली. मात्र ते चवीला अधिक चांगले आहे, असे काही त्यांनी म्हटले नाही. जिभेला फरक कळला नाही. फरक पडला तो मनाला. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी विनाशाची जी पायऱ्यापायऱ्यांची उतरण दाखविली आहे, तिची पहिली पायरी विषयाचा उपभोग ही नसून विषयाचे चिंतन ही आहे, याचे मर्म येथे ध्यानात येते. चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध. वस्तू पोटात जाण्यापूर्वीच तिने मनात घर केलेले असते, आणि जी वस्तू थोडी असेल ती हे घर लवकर बांधते.

आता ही ओढ मनुष्याच्या ठिकाणी आली कोठून? तिला एकदम पाप म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. जे पाप असते ते सर्वांच्या ठिकाणी सर्व काळी सारखे दिसत नाही; हे मात्र दिसते. त्याचा माग काढीत गेले तर बरेच मागे जावे लागते.

महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शहामृग आज आपल्या रानात नाही, तेव्हा होता. मोरोक्को देशातील बिझमून नावाच्या गुहेत शंखांचे मणी सापडले. ते निदान एक लाख चाळीस हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. शेती नव्हती, घर नव्हते, उद्याच्या जेवणाची खात्री नव्हती, अशा काळात माणूस कवचाचा तुकडा घेऊन तो घाशीत, त्याला भोक पाडीत बसला होता. ज्याच्या दाराशी भूक उभी आहे त्याने असा उद्योग का करावा? नटण्याची हौस एवढेच उत्तर पुरेसे वाटत नाही.

काही अभ्यासकांनी याचे उत्तर असे मांडले आहे. शिकार आज एकास मिळते, उद्या दुसऱ्यास. ज्याला आज मिळाली त्याने वाटून खावी, आणि उद्या त्याचे हात रिकामे असताना दुसऱ्याने त्याला द्यावे, यावरच जगणे अवलंबून होते. एका टोळीत हे आठवणीवर चालते. कोणी दिले, कोणी चुकविले, हे सर्वांस ठाऊक असते. पण डोंगरापलीकडच्या टोळीशी व्यवहार करावयाचा, तर आठवण कोणी ठेवावी? तेथे एखादी खूण लागते. ती खूण टिकाऊ हवी, जवळ बाळगता येण्यासारखी हवी, आणि मुख्य म्हणजे सहज मिळणारी नको. वाटेवरचे पान खूण म्हणून चालणार नाही. उद्या कोणीही पानांची ओंजळ भरून येईल आणि ‘तुम्ही माझे देणे लागता’ असे म्हणेल. जे मिळविण्यास श्रम पडतात, ज्याची नक्कल होत नाही, तेच साक्ष देऊ शकते. म्हणून ज्यांना दुर्मीळ वस्तू आवडल्या, ज्यांनी त्या जपल्या, त्यांना दुष्काळात परक्याकडूनही घास मिळाला. पिढ्यांमागून पिढ्या जाता ती आवड रक्तात उतरली. हे अनुमान आहे, त्याला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोठून असणार? तरी ते मनास पटण्यासारखे आहे, आणि ते पटले तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. धनाचा जन्म लोभातून झालेला नाही. ‘तू मला दिलेस, ते मी विसरणार नाही’ या वचनातून झाला. मणी हे ऋणाचे स्मरण होते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे जे वर्णन आहे ते या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. प्रजापतीने प्रजा निर्माण केली ती यज्ञासह, आणि परस्परांचे पोषण करा असे सांगितले. मिळालेले परत न देता जो भोगतो त्याला तेथे चोर म्हटले आहे, आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पाप खातो असे म्हटले आहे. हे चक्र जो पुढे चालवीत नाही त्याचे जगणे व्यर्थ. यज्ञ म्हणजे केवळ अग्नीत आहुती नव्हे. घेणे आणि देणे यांचे अखंड फिरते चाक, असाही त्याचा अर्थ आहे. दूर पॅसिफिक महासागरात न्यू गिनीजवळच्या बेटांवर हे चाक लोकांनी अक्षरशः फिरविलेले आढळते. मालिनोव्स्की या संशोधकाने १९२२ साली त्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्या बेटांवर तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शंखांची कडी उलट दिशेने, बेटामागून बेट, होड्यांतून फिरत असत. मोठमोठ्या नावाजलेल्या माळा. पण कोणाच्याही मालकीच्या नव्हेत. हाती आली की काही काळ मिरवावी आणि पुढच्यास द्यावी. जो फार दिवस दाबून ठेवील त्याची अपकीर्ती होई. ज्यांनी गीतेचे नावही ऐकले नव्हते त्यांना चक्र थांबविणे हे लाजिरवाणे वाटत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडे ही खूण म्हणजे कवडी. मराठी गृहस्थास कवडी परकी नाही. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. घरोघरी सारीपाटाचे दान कवड्यांनी पडत असे. पण कवडी हे एके काळी खरोखरीचे चलन होते, याचा आपणास विसर पडला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीच्या प्रारंभी जे कोष्टक आहे त्यात वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिण्यांचा एक पण सांगितला आहे, म्हणजे पणाला ऐंशी कवड्या झाल्या. बंगालमध्ये त्यानंतर कित्येक शतकांनीही चार कवड्यांचा गंडा आणि वीस गंड्यांचा पण, म्हणजे पुन्हा ऐंशीच, असा हिशेब चालू होता. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. ज्या परिसरात कवचाचे मणी घासले गेले, त्याच परिसरात पुढे कवड्यांचे गणित शिकविले गेले. योगायोगच म्हणावयाचा.)

ही कवडी येथली नव्हे. ती मालदीव बेटांच्या समुद्रातली. चौदाव्या शतकात इब्न बतूता तेथे गेला तेव्हा बेटांवरचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेत होते. ज्यांच्या किनाऱ्यावर ती ढिगाने पडत असे त्यांच्या दृष्टीने तांदूळ मोलाचा. ज्यांच्या शेतात तांदूळ पिकत असे त्यांच्या दृष्टीने कवडी मोलाची! अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये रुपयाला पाच हजारांच्या वर कवड्या पडत, आणि सिल्हेट प्रांताचा सारा वसूल कवड्यांत होऊन नावा भरभरून ढाक्यास जात असे. पुढे कंपनी सरकारने सारा चांदीत मागण्यास प्रारंभ केला आणि कवडीचा कणा मोडला. ओडिशात १८१७ साली पाइकांचा जो उठाव झाला, त्याच्या कारणांत कवडीचे चलन बंद केल्याने गरिबांवर ओढवलेली आपत्ती हेही एक होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर निराळीच गत झाली. तेथे मालदीवच्या कवडीस मोठा मान होता. इतका की, तिच्या मोबदल्यात माणसे विकली गेली. एकोणिसाव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांनी झांझिबारकडील दुसऱ्या जातीच्या कवड्या जहाजे भरून तेथे ओतल्या. आजोबांनी पुरून ठेवलेला ठेवा नातवाने उकरला तेव्हा त्यात पूर्वीइतकीच कवडी होती, पण तिचे मोल उडून गेले होते.

भाषा हा इतिहास विसरत नाही. आज मराठीत कवडीमोल म्हणजे ज्याला मोल नाही ते; फुटकी कवडी म्हणजे काहीच नाही; आणि तरीही कृपणाला नाव द्यावयाचे झाले तर कवडीचुंबक! वस्तू मातीमोल झाली तरी तिला चिकटण्याची वृत्ती शिल्लक राहते, हे यापरते थोडक्यात कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

काशीत मात्र कवडी अजून चालते. दुर्गाकुंडाच्या बाजूस खोजवा भागात कवडीमातेचे लहानसे देऊळ आहे. कथा अशी सांगतात की, ही विश्वनाथाची बहीण. हिचे सोवळे फार कडक. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली की पुन्हा स्नान. अखेर या सोवळ्यापायी ती माणसांना अंतरली आणि तिला ज्यांचा विटाळ होई त्यांच्याच वस्तीत राहण्याची पाळी आली. ती दुःखी झाली तेव्हा विश्वनाथाने सांगितले की, जो यात्रिक काशीस येईल त्याने तुला कवडी वाहावी. त्यावाचून त्याची यात्रा पुरी व्हावयाची नाही. आजही भाविक तेथे कवड्या वाहतात आणि त्यांतील एक प्रसाद म्हणून परत घेऊन जातात. ज्या देवीने सर्वांना दूर लोटले, तिला प्रत्येकाच्या हातून काही घ्यावे लागते आणि काही परत द्यावे लागते. तेही सोने नव्हे, रेशीम नव्हे. दरिद्री मनुष्यालाही परवडेल अशी कवडी.

येथे एक शंका उपस्थित होते. धनाचा उगम जर स्मरणात व विश्वासात असेल, आणि दुर्मीळाची आवड जर एके काळी उपकारक असेल, तर संतांनी व शास्त्रांनी तिला इतके धारेवर का धरले? याचे उत्तर असे की, ही आवड आंधळी आहे. जे थोडे आहे आणि जे हवे आहे, यांतला भेद तिला कळत नाही. ज्याने दिले त्याची आठवण राहावी म्हणून माणसाने खूण जपली. पुढे खूण राहिली आणि माणूस विसरला. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या पुरुषाचे मनोगत भगवंतांनी त्याच्याच तोंडून वदविले आहे: आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, एवढे माझे आहे, तेवढेही माझे होईल. त्या संपूर्ण भाषणात ‘कोणी दिले’ हा शब्द नाही. धनाचा तेथे दोष नाही. दहाव्या अध्यायात यक्षराक्षसांमधला कुबेर तो मीच, असे म्हणणाऱ्या भगवंतांना धनाचा तिटकारा कसा असेल? दोष आहे तो हिशेबाच्या वहीतून समोरच्या माणसाचे नाव खोडले जाण्यात.

आणि गीतेलाही दुर्लभतेची भाषा वर्ज्य नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सातव्या अध्यायात सुदुर्लभ असा शब्द आला आहे. पण तो रत्नाला नाही, सुवर्णाला नाही. सर्व काही वासुदेव आहे असे ज्याने जाणले त्या महात्म्याला तो लावला आहे. हजारोंमध्ये एखादाच यत्न करतो, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. आणि देवाला काय द्यावयाचे, हे नवव्या अध्यायात सांगताना मात्र भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी यांची नावे घेतली. ज्या चार वस्तूंची वाण कोठेही नाही, अशा वेचून काढल्या! मनुष्याचे मन वस्तूंत दुर्मीळ काय ते शोधते आणि माणसांना मात्र पैशाला पासरी समजते. गीता हे माप नेमके उलटे धरते. काशीतही हेच दिसते. विश्वनाथाच्या शिखरावर महाराजा रणजितसिंहांनी दिलेले सोने झळकते, आणि तो विश्वनाथ अन्नपूर्णेच्या दारी हातात पात्र घेऊन उभा आहे तो भिक्षेकरिता, तांदळाकरिता. खजान्यातही नाण्याच्या जोडीला लाह्या का मिळतात, याचा उलगडा त्या चित्रात आहे. घरी पोचेपर्यंत नाणे किती जपले जाते आणि लाह्या किती सांडतात, ते पाहणाराने पाहावे.

चौदाव्या अध्यायातील गुणातीत पुरुषाला ढेकूळ, दगड आणि सोने ही तिन्ही सारखी असतात. हे वचन ऐकून गृहस्थ बहुधा मान डोलावतो आणि ते संन्याशासाठी आहे असे समजून सोडून देतो. मुलीचे लग्न आहे, म्हातारपण आहे, सोन्याला ढेकूळ कसे म्हणावे? त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण समत्वाची शिखरावरची पायरी जरी दूर असली तरी अंगणातली पहिली पायरी गृहस्थाच्या पायाशीच आहे. ती कोणती हे एका दृष्टांताने पाहू.

माण तालुक्यातला एक शेतकरी गृहस्थ. १९७२ च्या दुष्काळात तो ऐन विशीत होता. विहीर अर्धी खणून पडली होती, खडक लागला होता, सुरुंगाला पैसा नव्हता. थोरली बहीण, अक्का, सासरहून भेटीस आली होती. तिने हातांतल्या चार तोळ्यांच्या पाटल्या उतरवून दिल्या व म्हणाली, “गहाण ठेव. पाणी लागले की सोडवून आण.” पाणी लागले, पण दोन वर्षांनी, आणि गहाणाची मुदत तोवर उलटून गेली होती. पाटल्या सावकाराच्या घरात मुरल्या. अक्काने सासरी काय सांगितले, ते तिने कधी कोणाला कळू दिले नाही. विहिरीवर पुढे मळा झाला, मळ्याची डाळिंबाची बाग झाली. १९८५ साली त्याने अक्काला हजार रुपयांची मनिऑर्डर केली. बाहत्तर साली सोने तोळ्याला दोन-अडीचशेच्या घरात होते. म्हणजे चार तोळ्यांचे पैसे पुरे झाले, वर थोडे अधिकच गेले, असा त्याचा हिशेब. अक्काने पैसे घेतले. ती काही बोलली नाही.

दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखापलीकडे गेला त्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत पतिपत्नी काशीस गेली. रात्रभर रांगेत बसून दोघांनी सुवर्णमूर्तीचे दर्शन घेतले, खजाना घेतला. दुसऱ्या दिवशी ती कवडीमातेला गेली. पुजाऱ्याने एक कवडी परत हाती ठेवली तेव्हा पत्नीने ती पालथी-उलथी करून पाहिली आणि विचारले, “अहो, वन्संच्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या?”

“चार. पण त्याचे पैसे मी मागेच पाठवले होते की.”

“पैसे पाठवलेत. पाटल्या कुठे पाठवल्यात?”

त्या रात्री धर्मशाळेत त्याला झोप आली नाही. त्याने मनाशी हिशेब मांडला. बाहत्तरचा भाव धरला, पंच्याऐंशीचा धरला, व्याज लावून पाहिले. पंच्याऐंशीत हजार रुपयांना तोळाभर सोनेही धड आले नसते, हे तेव्हाच त्याला ठाऊक होते. आणि मग त्याला दुसरेही एक आठवले. बागेच्या उत्पन्नातून त्याने वेळोवेळी सोने घेऊन ठेवले होते. भाव वाढला की तो घरात म्हणत असे, आपले पंधरा तोळे आता एवढ्याचे झाले. आपले सोने तो तोळ्यांत मोजीत आला होता आणि अक्काचे रुपयांत. पन्नास वर्षे दोन तराजू एकाच घरात होते, आणि दोन्ही त्याला खरे वाटत होते.

समत्वाची पहिली पायरी म्हणतात ती हीच. सोन्याला ढेकूळ समजणे पुढचे. आधी आपल्या सोन्याला आणि दुसऱ्याच्या सोन्याला एकच तराजू लावणे. हे दिसते त्याहून कठीण आहे. चार लाखांवरची रक्कम. मुलांना काय सांगावे, सूनबाई काय म्हणतील, अक्काने तर कधी मागितले नाही, तिला या वयात पाटल्या कशाला, असे नाना विकल्प त्याच्या मनात उठले. प्रत्येक विकल्प शहाणपणाचा होता. मुलांनी विरोध केला, तोही अगदी उद्धटपणे नव्हे. त्यांचे म्हणणे असे की, कायद्याने काहीही देणे लागत नाही, आणि ते खरेच होते. पंधरा दिवस घरात बोलणे कमी झाले. अखेर त्याने घरातल्या पंधरा तोळ्यांतून चार तोळे काढून सोनाराकडे दिले व जुन्या घडणीच्या पाटल्या करून घेतल्या.

अक्का आता ऐंशीच्या घरात. तिने पाटल्या हातात घेतल्या, तळव्यावर तोलून पाहिल्या आणि म्हणाली, “माझ्या जराशा जड होत्या रे.”

तो वरमला. घडणावळीत थोडे गेले असेल, असे काहीसे पुटपुटला. ती हसली, आणि पुष्कळ वेळ त्या पाटल्या मांडीवर ठेवून बसून राहिली. मग तिने बाहत्तर सालची गोष्ट काढली. विहिरीचा खडक फुटला त्या दिवशी आई कशी ओरडली, ते सांगितले. सासरी आपण काय सांगितले होते, तेही त्या दिवशी प्रथमच सांगितले: पाटल्या एसटीत चोरीला गेल्या. त्यासाठी तिला दोन वर्षे बोलणी खावी लागली होती. तो ऐकत राहिला.

पत्नीने पुडीत जपून आणलेल्या लाह्या पुढे केल्या. अक्काने त्या कपाळाला लावून तांदळाच्या डब्यात टाकल्या आणि नातसुनेला हाक मारून पाटल्या तिच्या हातांत घालून पाहिल्या. तिला त्या सैल झाल्या. अन्नपूर्णेचे नाणे कोणाच्याच ध्यानात नव्हते. ते गृहस्थाच्या सदऱ्याच्या खिशात तसेच राहिले होते.